डिकीवाल्या गाडीचा हिशोब

घरात नवी गाडी आली की पेढा तोंडात असतानाच पाहुण्यांचा पहिला प्रश्न येतो, ‘किती देते?’ उत्तर एका आकड्यात हवं असतं. कोणी अठरा सांगतं, कोणी बावीस, आणि त्या एका आकड्यावर शेजारचा माणूस आपली पुढची गाडी ठरवून टाकतो. पण कोणत्या रस्त्यावर, किती माणसं बसवून, एसी लावून की काचा खाली करून, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. सेडानच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या डिकीवाल्या गाडीच्या बाबतीत तर मालकांची स्तुती आणि तक्रार दोन्ही एकाच ठिकाणाहून निघतात. गाडी बुटकी आहे, वजनाला हलकी आहे आणि तिची डिकी माणसं बसतात त्या भागापासून वेगळी आहे. हे तीन गुण नीट कळले, की कोणाचा अनुभव आपल्याला लागू पडेल आणि कोणाचा नाही, हे ओळखता येतं.

आधी कागदावरचा आकडा घेऊ. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मारुती डिझायरच्या मॅन्युअल पेट्रोल गाडीचा जाहीर आकडा आहे लिटरला २४.७९ किलोमीटर. पुण्या-ठाण्याच्या गर्दीत तीच गाडी चालवणारे मालक पंधरा-सोळा सांगतात, हायवेवर बाविसाच्या आसपास. मग फसवणूक झाली का? नाही. जाहीर आकडा ज्या चाचणीतून येतो, त्या चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रोलरवर उभी करतात. चाकं जागच्या जागी फिरतात, चालक समोरच्या पडद्यावरच्या रेघेबरहुकूम वेग वाढवतो आणि कमी करतो. हा सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांच्या आत आटोपणारा. त्यात साडेदहा किलोमीटरच्या थोडं वर अंतर कापलं जातं, वेग ताशी ९० च्या पुढे जात नाही आणि एसी बंद असतो. किती पेट्रोल जळलं हे टाकी मोजून ठरवत नाहीत, तर धुराड्यातून बाहेर पडलेल्या वायूंमधला कार्बन मोजून उलटा हिशोब मांडतात. पुण्यात वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ ही १९६६ सालची संस्था आहे, तिच्या नावानेच हा आकडा आपल्याकडे ओळखला जातो. ‘एआरएआय किती आहे?’ असं शोरूममध्येही सर्रास विचारतात.

या चाचणीची सरासरी काढली तर ताशी साडेबत्तीस किलोमीटर येते. पुण्यातल्या संध्याकाळी हिंजवडीहून कोथरूडला येणाऱ्या माणसाला हा वेग कधी मिळतो? त्याचा हिशोब मांडून बघू. समजा रस्ता बारा किलोमीटरचा आहे आणि पोहोचायला एक तास लागतो. त्यातली पंचवीस मिनिटं गाडी नुसती उभी आहे, एसी चालू. अशा उभ्या गाडीचं इंजिन तासाला साधारण एक लिटर पेट्रोल पितं, म्हणजे चारशे मिलिलिटर एक इंचही पुढे न सरकता संपले. चालत्या अवस्थेत ही गाडी लिटरला अठरा देते असं धरलं तर बारा किलोमीटरला पाऊण लिटरपेक्षा थोडं कमी लागेल. दोन्हींची बेरीज एक लिटरच्या वर जाते आणि हातात पडतं अकरा. गाडीत कुठलाही दोष नाही, चालकही चांगला आहे. पेट्रोल सिग्नलवर गेलं.

म्हणून जो मालक ‘माझी अकराच देते हो’ म्हणून कुरकुरतो आणि जो ‘माझी वीस देते’ म्हणून मिरवतो, ते दोघं एकाच गाडीबद्दल खरं बोलत असू शकतात. एकाचं ऑफिस चार किलोमीटरवर आहे, त्याचं इंजिन नीट तापायच्या आतच प्रवास संपतो. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. दुसरा रोज नाशिक-सिन्नर करतो.

हायवेवरही दोन आकडे जुळत नाहीत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीवरून शंभरावर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. इथे सेडानचा बुटकेपणा कामाला येतो, कारण समोरून हवेला भिडणारं तिचं तोंड उंच एसयूव्हीपेक्षा लहान असतं. शंभराच्या वेगावर हा फरक टाकीत दिसतो, गावातल्या गर्दीत जवळजवळ दिसत नाही. ज्याचं सगळं चालवणं गावातच आहे, त्याने केवळ ‘सेडान जास्त देते’ म्हणून सेडान घेऊ नये.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणखी एक गंमतीची गोष्ट होते. मुंबईहून पुण्याला येताना खोपोली ते लोणावळा गाडी साडेपाचशे मीटर वर चढते. माणसं-सामानासह तेराशे किलोची गाडी एवढी उचलायला लागणारी ऊर्जा, आणि इंजिन पेट्रोलमधली जेमतेम तीस टक्केच ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचवतं हे लक्षात घेता, नुसत्या चढणीला अर्धा-पाऊण लिटर जास्त जातं. एरवी वीस देणारी गाडी या एका फेरीत अठराच्या आत येते. उतरताना उलट होतं, आणि पुण्याहून मुंबईला गेलेला पाहुणा बावीस-तेवीसचा आकडा घेऊन सासुरवाडीत पोहोचतो.

खरं अ‍ॅव्हरेज काढायची पद्धत जुनीच आहे आणि तिला पर्याय नाही. टाकी फुल करा, पहिल्या ‘टक’ आवाजाला थांबा, किलोमीटर लिहून ठेवा, टाकी बरीचशी रिकामी होईपर्यंत चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा फुल करा. असं लागोपाठ चार-पाच वेळा केलं की गाडीचा नाही, तर तुमच्या आयुष्याचा आकडा मिळतो. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा थोडा उदार असतो.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, त्यातलं काही आपल्याच ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांचं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात लिटरमागे साडेसहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाने २०२१ मध्ये इथेनॉलचा जो आराखडा मांडला, त्यातही हे स्पष्ट लिहिलं होतं. जुन्या, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या मोटारींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या मोटारींचं एक-दोन टक्क्यांनी. दहा वर्षं जुन्या सेडानचा मालक ‘हल्ली गाडी कमी देते’ म्हणतो तेव्हा त्याला वेड्यात काढू नये. सोळाची पंधरा झालेली त्याला कळते, आणि ते पैसे त्याच्याच खिशातून जातात.

सीएनजीबद्दलचा गैरसमज त्याहून मोठा आहे. डिझायर सीएनजीचा जाहीर आकडा किलोला ३३.७३ किलोमीटर. ‘पेट्रोलवर पंचवीस, सीएनजीवर चौतीस’ असं म्हणताना आपण लिटर आणि किलो एकाच मापाने मोजतो. एक किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. त्या हिशोबाने हे अ‍ॅव्हरेज पेट्रोलच्या भाषेत बावीस-तेवीसच भरतं. इंजिन काही जास्त हुशार झालेलं नाही. बचत होते ती गॅस स्वस्त आहे म्हणून, आणि रोज शंभर-दोनशे किलोमीटर पळणाऱ्या टॅक्सीवाल्याला ती भरपूर होते. महिन्याला पाचशे किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाने मात्र सिलिंडरने खाल्लेली डिकी आणि पंपावरची रांग या हिशोबात धरायलाच हवी. गणपतीला कोकणात जाताना पिशव्या मांडीवर घेऊन बसावं लागतं तेव्हा या बचतीची किंमत कळते.

हायब्रिडचंही असंच आहे. होंडा सिटीची हायब्रिड गाडी २०२२ मध्ये लिटरला २६.५ किलोमीटरचा आकडा घेऊन आली. तिची खुबी ही की गर्दीत बऱ्याचदा इंजिन बंदच असतं, चाकं मोटर फिरवते आणि ब्रेक दाबला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. वर ज्या सिग्नलवर चारशे मिलिलिटर उडाले, तिथे ही गाडी जवळजवळ काही पीत नाही. पण वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याचा हिशोब करा. बाराऐवजी वीस मिळाले तर ३३३ लिटर वाचतात, शंभर रुपये लिटरने तेहतीस हजार रुपये. साध्या गाडीपेक्षा मोजलेले जास्तीचे काही लाख वसूल व्हायला किती वर्षं लागतील, ते ज्याने त्याने ठरवावं. गर्दीत शांत चालणारी गाडी हवी म्हणून कोणी ती घेत असेल, तर ते कारण मला बचतीपेक्षा जास्त पटतं.

आता डिकीकडे येऊ. आपल्याकडच्या बऱ्याच सेडान मागून छाटल्यासारख्या दिसतात, त्याचं कारण २००६ च्या अर्थसंकल्पात आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत असेल तर अबकारी कर २४ टक्क्यांऐवजी १६ टक्के, असं त्या वर्षी ठरलं. २००८ मध्ये टाटांनी पिंपरीहून इंडिगो सीएस आणली, ती या मापात बसवलेली पहिली सेडान. त्याच वर्षी आलेली पहिली स्विफ्ट डिझायर चार मीटरहून लांब होती आणि तिची डिकी ४४० लिटरची होती. २०१२ मध्ये गाडी कात्रीत धरून ३९९५ मिलिमीटरवर आणली आणि डिकी उरली ३१६ लिटर. आजच्या डिझायरची ३८२ लिटर आहे. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीत हीच रेघ १८ आणि ४० टक्क्यांमधली झाली आहे. चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस ५२१ लिटरची डिकी देते, पण ती चार मीटरच्या बाहेरची. म्हणजे एका जास्तीच्या सूटकेसवर आपण कर भरतो.

ही डिकी नुसती सामानासाठी नाही, आणि आरामाबद्दल बोलताना हे कोणी सांगत नाही म्हणून मी जरा थांबून सांगतो. हॅचबॅक किंवा एसयूव्हीत मागच्या सीटच्या पाठीमागे मोकळी पोकळी असते. मागच्या चाकांचा घरघराट, खडीचा तडतड आवाज, शॉकअपची धडधड त्या पोकळीत घुमून थेट मागच्या माणसांच्या कानाशी येते. सेडानमध्ये मधे सीटची पाठ, तिच्यामागचा पत्रा आणि वरची फळी असते, आणि आवाज डिकीतच अडकतो. म्हणून लांबच्या प्रवासात सेडानच्या मागच्या सीटवर आजी झोपते. ती झोपली हे आरामाचं मला माहीत असलेलं सगळ्यात भरवशाचं प्रमाणपत्र आहे.

घाटातही फरक पडतो. आंबा किंवा ताम्हिणी घाटात लागोपाठ वळणं येतात तेव्हा उंच गाडी आधी बाहेरच्या बाजूला झुकते आणि मग सावरते. पोटात ढवळतं ते या संथ, लांब झोक्यांनी, सेकंदाला अर्ध्याहूनही कमी वेळा होणाऱ्या हालचालींनी. डोळे समोरच्या सीटची पाठ स्थिर बघतात, कान आतून हलण्याची खबर देतात आणि दोघांचं जुळत नाही. ज्यांच्या घरात कोणाला गाडी लागते, त्यांनी बुटकी, कमी झुकणारी गाडी घेऊन बघावी. अनेक मालकांचा हा अनुभव आहे आणि त्यामागे शास्त्र आहे.

पण हाच बुटकेपणा चढता-उतरताना नडतो. सीट जमिनीला जवळ असल्याने गुडघे दुखणाऱ्या माणसाला आधी खाली बसावं लागतं आणि उतरताना स्वतःला उचलावं लागतं. पाचव्या माणसाचंही सांगायला हवं. मागच्या सीटच्या मधल्या जागेखाली उंचवटा असतो, तिथे पाय ठेवायचे कुठे हा प्रश्न सुटत नाही. छोटी सेडान ही चार मोठ्या माणसांची गाडी आहे. पाचव्याला बसवलंत तर चिपळूणपर्यंत तो गप्प राहील, पुढे बोलेल.

तक्रारींमध्ये पहिली येते गतिरोधकांची. रस्त्यांच्या मानकांप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. डिझायरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर आहे, म्हणजे अशा गतिरोधकावर ती चारी चाकांनी चढते आणि पोट घासायचं कारणच उरत नाही. आपल्या सोसायटीच्या दारात मात्र अरुंद आणि उंच उंचवटा असतो, त्यावर पुढची चाकं उतरतात, मागची अजून चढलेली नसतात आणि पोट मधोमध टेकतं. गाडीचं जमिनीपासूनचं अंतर १६३ मिलिमीटर असतं. पाच माणसं आणि डिकी भरली की मागची बाजू काही सेंटिमीटर खाली बसते. शोरूमच्या चकचकीत रस्त्यावर एकट्याने चक्कर मारून हे कधी कळणार नाही.

दुसरी अडचण पाण्याची, आणि हिच्यात पैसे बुडतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत हजारो गाड्या पाण्यात गेल्या. पाण्यात उभी राहून भिजलेली गाडी बऱ्याचदा वाचते. मरते ती मालकाने पुन्हा किल्ली फिरवल्यामुळे. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात इंजिनाचं असं नुकसान बहुधा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. बुटक्या गाडीची हवेची वाटही खाली असते, म्हणून सेडानवाल्याने ते घ्यावंच. पाण्यात बंद पडली तर ढकलत बाजूला घ्या, किल्लीला हात लावू नका.

बाकीच्या तक्रारी किलोमीटरच्या हिशोबाने येतात. चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास खड्ड्यांत पुढून टकटक ऐकू यायला लागते. गॅरेजमध्ये मुलगा जॅक लावून चाक हातांनी हलवतो, बॅटरीचा उजेड आत मारतो आणि म्हणतो, ‘काका, लिंक रॉड गेलाय. बुशपण फाटलंय, बघा ना इथं.’ रबराला पडलेली चीर खरोखर दिसते. हे काम फार खर्चाचं नसतं आणि ते झालं की गाडी पुन्हा पहिल्यासारखी वाटते. पण कित्येक मालक वर्षभर तो आवाज ऐकत फिरतात आणि शेवटी गाडीच खराब निघाली म्हणून विकतात. एसीची कूलिंग कॉइल गळणं हेही नेहमीचं. दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून घेणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी ओतणं, एकदा गळती शोधून घ्यावी. उभ्या गाडीत उंदीर शिरून वायरी कुरतडतात, आणि आठवडाभर न हललेल्या गाडीला त्यांचा धोका जास्त.

गिअरच्या तक्रारी मात्र बऱ्याच अंशी अपेक्षेच्या असतात. एएमटीत गिअर बदलताना बसणारा हलका झटका तिच्या रचनेतच आहे. साध्याच गिअरबॉक्सवर यंत्राचा हात बसवलेला असतो. सीव्हीटीत, म्हणजे गिअरचे टप्पेच नसलेल्या गिअरबॉक्समध्ये, जोरात पॅडल दाबलं की आवाज आधी वाढतो, वेग मागून येतो. दोन क्लचच्या गिअरबॉक्सला रांगेत इंचाइंचाने सरकणं मानवत नाही, कारण क्लच अर्धवट सुटून तापतो.

काही दोष खरोखर कारखान्यातून येतात, आणि तिथे मालकाने हक्काने उभं राहावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने भारतात नव्वद हजारांहून जास्त जुन्या गाड्या इंधन पंप फुकट बदलून देण्यासाठी परत बोलावल्या, त्यात सिटीही होती. गाडीचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की आपली गाडी अशा यादीत आहे का ते कळतं. जुनी गाडी घेणारे हे क्वचितच बघतात.

दुसऱ्याच्या अनुभवावर गाडी घ्यायची असेल, तर पहिल्या महिन्यातल्या मालकाला विचारू नका, तो अजून पेढे वाटतो आहे. त्याच गाडीच्या टॅक्सीवाल्याला विचारा. त्याने दोन-तीन लाख किलोमीटर तिच्यात काढलेले असतात आणि कोणता भाग कधी जातो हे त्याला पाठ असतं. साठ हजार किलोमीटर झालेल्या मालकाला सर्व्हिसिंगची बिलं दाखवायला सांगा. ‘मेंटेनन्स काही नाही’ हे वाक्य आणि ती बिलं शेजारी ठेवली की बरंच समजतं. टेस्ट ड्राइव्हला घरच्या सगळ्यांना घेऊन जा, आजीला मागे बसवा आणि तिला स्वतःहून उतरू द्या. विक्रेता नेहमीचा गुळगुळीत रस्ता दाखवेल, त्याला तुमच्या सोसायटीच्या दारापर्यंत न्यायला सांगा आणि तो गतिरोधक पाचही जणांसह ओलांडा.